हेजहॉगचा हिवाळा

ब्रिटनमधल्या परसबागांत राहणारा हेजहॉग हा काटेरी सस्तन प्राणी साधारण नोव्हेंबर ते मार्च शीतनिद्रेत असतो. अंगातली चरबी हीच तेव्हाची शिदोरी. म्हणून थंडीआधी त्याला मांसाचे कॅटफूड आणि उथळ ताटलीत पाणी द्यावे. दूध मुळीच नको, त्याने जुलाब होतात. कुंपणाच्या तळाशी 13 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक त्याला ये-जा करायला पुरते. कोपऱ्यातला पाचोळा झाडून टाकण्याचा अट्टहास सोडलेलाच बरा, कारण तीच पाने तोंडाने ओढून आणून, थरावर थर रचून तो आत मुटकुळे करून झोपतो. मोठा धोका 5 नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये सणानिमित्त पेटवल्या जाणाऱ्या शेकोट्यांचा. आधी रचलेल्या लाकडांत तो आसऱ्याला शिरतो. त्यामुळे लाकडे पेटवण्याच्या दिवशीच रचावीत.