किरमिजाचा ओक

ओक म्हणताच एखादा प्रचंड वृक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु भूमध्य समुद्राभोवती, स्पेनपासून ग्रीसपर्यंत, कोरड्या खडकाळ उतारांवर ओकाची एक खुजी जात वाढते. ती बहुधा २ मीटरांहून ठेंगणी, दाट झुडपासारखी असते. ती ओळखावी कशी?

हिची पाने बारमाही हिरवी, ताठ व काठांवर काटेरी असतात. पण एवढ्यावरून निर्णय देऊ नये. शेजारी वाढणाऱ्या होम ओकाच्या लहान रोपांची पानेही काटेरीच असतात. म्हणून पान उलटून पाहावे. होम ओकाच्या पानाची खालची बाजू करड्या लवेने झाकलेली असते. आपल्या झुडपाचे पान मात्र दोन्ही बाजूंनी हिरवे व गुळगुळीत असते. मग फळ पाहावे. ते ज्या वाटीत बसलेले असते, तिच्यावर ताठ, टोकदार खवले असतात. होम ओकाचे फळ त्याच वर्षी पिकते. याला दुसरे वर्ष उजाडावे लागते.

फांद्यांवर कधी कधी वाटाण्याएवढे गोल दाणे आढळतात. प्राचीन लोक त्यांना फळेच समजत. ‘क्वेर्कस कॉक्सिफेरा’, म्हणजे दाणे धारण करणारा ओक, या शास्त्रीय नावात तो समज अजून टिकून आहे. वस्तुतः ते दाणे म्हणजे फांदीला चिकटून रस शोषणाऱ्या किड्यांच्या माद्या होत. त्या वाळवून त्यांपासून लोकर व रेशीम रंगविण्यासाठी तांबडा रंग काढीत. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा. संस्कृतातील ‘कृमि’ हा त्याचाच भाऊबंद. आपला ‘किरमिजी’ हा शब्दही त्याच कुळातला आहे.