तक्त्यातला आकडा येतो कोठून?

पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यातील तहसील कार्यालयांत सकाळी पावसाच्या आकड्यांची निकड असते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि पीकहानीच्या पंचनाम्यांची पुढील वाटचाल बऱ्याच अंशी या नोंदीवर अवलंबून राहते. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराच्या दृष्टीने तक्त्यातील ६४ आणि ६६ या आकड्यांत काय अंतर आहे, हे वेगळे सांगावयास नको.

हे आकडे एकेकाळी दूरध्वनीवरून ऐकून वहीत उतरविले जात. आता पुष्कळ कार्यालयांतून एक्सेलसारख्या संगणकीय तक्त्याचा उपयोग होतो. या तक्त्यात माहिती दोन मार्गांनी येते. एक म्हणजे कोणीतरी ती टंकलिखित करतो किंवा दुसरीकडून उतरवून घेतो. दुसरा मार्ग जोडणीचा. माहिती कोणत्या फाइलमधून अथवा संकेतस्थळावरून, त्यातील कोणत्या तक्त्यातून आणि कोणाच्या परवानगीने आणावयाची, हे एकदा सांगून ठेवले की ‘रिफ्रेश’ची आज्ञा मिळताच तक्ता ती स्वतः घेऊन येतो. गावच्या कोतवालाने ठरलेल्या घरी जाऊन निरोप आणावा, तसेच हे काम आहे.

फरक एवढाच की, घर बदललेले आढळले तर कोतवाल रिकाम्या हाताने परत येऊन तसे सांगतो. तक्ताही चुकीची सूचना पडद्यावर दाखवितो खरा. पण ती खिडकी बंद केली की रकान्यांत मागच्या वेळचेच आकडे ठळकपणे उभे राहतात. बाहेरून आलेली फाइल उघडताना वरच्या बाजूस पिवळी पट्टी दिसते. तेथे अनुमती दिली नाही, तर जोडणी चालतच नाही. अशा वेळी कालचा पाऊस आजचा म्हणून पुढे जाण्यास काहीच अडथळा राहत नाही. त्यातच हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ वाजता, मागील चोवीस तासांची म्हणून घेतली जाते. आठ वाजता ‘रिफ्रेश’ केलेला तक्ता निर्दोष असूनही शिळा असू शकतो. म्हणून माहिती कोणत्या दिनांकाची आणि ती किती वाजता आणली, हे दोन रकाने प्रत्येक गोषवाऱ्यात असणे अगत्याचे आहे. हिवाळी अधिवेशनाच्या काळात प्रश्नोत्तरांसाठी आकडे मागविले जातात, तेव्हाही पहिली विचारणा याच दोन गोष्टींची असावी.

नागपूर जिल्ह्यात आणखी एक अडचण संभवते. जिल्ह्यात तालुके १४ आहेत, पण पंचायत समित्या १३. कारण नागपूर शहर हा तालुका जिल्हा परिषदेच्या कक्षेत येत नाही. महसूल विभागाच्या चौदा ओळींच्या तक्त्याशेजारी पंचायत समित्यांचा तेरा ओळींचा तक्ता केवळ क्रमाने जोडला, तर एका ठिकाणापासून खाली प्रत्येक आकडा शेजारच्या तालुक्याच्या नावावर पडतो आणि एकूण बेरीज मात्र बरोबर येते! नावांवरून जोडावे, तर कोठे पारशिवनी, कोठे पारसिवनी. कोठे कामठी, कोठे कामटी. यंत्राच्या लेखी ही वेगवेगळी गावे होत. जोडणीसाठी सांकेतिक क्रमांक वापरणे हाच त्यावर उपाय आहे. शाळांसाठी यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक आहे, तर ग्रामपंचायतींसाठी केंद्र शासनाच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेतील क्रमांक आहे. हे क्रमांक आणि बँक खाते क्रमांक आणताना तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठेवावा. तसे न केल्यास तक्ता त्यांना संख्या समजतो, आरंभीची शून्ये गाळतो आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतो. शिष्यवृत्तीची रक्कम परत येण्यास तेवढेही पुरते.

आकडे गळण्याचे याहून गंभीर उदाहरण परदेशातले आहे. २०२० साली इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून येणारे कोरोना चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारच्या फाइलमध्ये घेतले जात होते. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नसते. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. स्रोतात किती ओळी होत्या आणि तक्त्यात किती आल्या, ही पडताळणी तेथे उपयोगी पडली असती. एक्सेलमध्ये ‘डेटा’ या विभागातील ‘क्वेरीज अँड कनेक्शन्स’ उघडले असता प्रत्येक जोडणीने किती ओळी आणल्या, हे दिसते.

जोडणी ज्याने केली त्याची बदली झाली म्हणजे काय होते, याचा विचार सहसा आधी केला जात नाही. फाइल त्याच्या संगणकावरील फोल्डरमध्ये असते, परवाना त्याच्या नावाचा असतो. त्याने कार्यभार सोपविला की नव्या टेबलावर तीच फाइल परवलीचा शब्द विचारू लागते. मग कोणी तो शब्द कागदावर लिहून देतो, कोणी जोडणीतच साठवितो. हे दोन्ही टाळावयास हवे. जोडणीत साठविलेला परवलीचा शब्द फाइल ज्याच्या हाती जाईल त्याला वाचता येऊ शकतो. स्रोत सामायिक जागी ठेवावा आणि तेथील प्रवेश पदानुसार द्यावा. नवा पत्ता ‘डेटा सोर्स सेटिंग्ज’मध्ये एकदा बदलला की त्या फाइलमधील, त्याच स्रोतावर अवलंबून असलेल्या सर्व जोडण्या नव्या जागी वळतात, प्रत्येक तक्ता उघडत बसण्याचे कारण नाही.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न उरतो. एखाद्या मंडळातून नोंद आलीच नाही आणि तेथे पाऊस पडला नाही, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बेरजेच्या सूत्राला मात्र दोन्ही सारख्याच. नोंद नसलेल्या जागी शून्य न भरता ‘अप्राप्त’ असे लिहिले, तर तो रकाना सरासरीत धरला जात नाही आणि कोणत्या मंडळाकडे दूरध्वनी करावयाचा, हेही सकाळीच कळते.