दोन ठिपके समोरासमोर

मालाडहून लोकल सुटली की पुढचं स्टेशन कांदिवली. तिथे पूर्वेला, आकुर्ली रोडवर, महिंद्राचा कारखाना. शेजाराचा गुण म्हणा, जुनी पेट्रोल जीप दिसली की माझी मान आजही वळते. घरचे आता या खोडीवर बोलतसुद्धा नाहीत.

इतिहास उरकून टाकतो. 1945 मध्ये जे. सी. आणि के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, 1948 मध्ये कंपनीच्या नावातलं ‘मोहम्मद’ जाऊन ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं, आणि 1949 मध्ये माझगावात विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. झालं.

आता माझ्या आवडीचं. माझ्या जीपमधलं हरिकेन इंजिन 134 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 2.2 लिटरचं. चार सिलिंडर, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. इंजिन त्यामुळे उंच झालं, आणि सीजे-3बी जीपचं बॉनेट जे ताठ मानेचं दिसतं ते त्यापायीच. पण खरी मजा पुढच्या कव्हरच्या आत आहे. चेन नाही, बेल्ट नाही. क्रँकच्या टोकावर लोखंडी गिअर, त्याच्या दुप्पट दातांचा गिअर कॅमवर, दोघे थेट एकमेकांत अडकलेले. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक, तोही उलट दिशेने. कॅमचा गिअर फायबरचा, कारण लोखंडावर लोखंड वाजतं. शांतपणाची किंमत अशी, की म्हातारपणी फायबरचे दात झडतात.

माझी जीप अशीच एका पावसाळी संध्याकाळी मार्वे रोडवर बसली. मी पेट्रोल तपासलं, पॉइंट घासले. मिस्त्री आले आणि म्हणाले, “काका, आधी कॅप काढा.” डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून त्यांनी हँडल मारलं. क्रँक फिरत होता, आतला रोटर मात्र ढिम्म. या इंजिनात कॅम ऑइल पंप फिरवतो आणि पंपाचा दांडा डिस्ट्रिब्युटर. रोटर हलत नाही म्हणजे कॅमच फिरत नाही. निदानाला एक मिनिट लागलं, मला दोन तास लागले होते.

क्रँकचा गिअरही झिजला होता, तोही बदलायचा ठरला. रेडिएटर उतरवला, हँडल अडकतं तो पुढचा नट सोडला, पुली ओढली, कव्हर काढलं, तेल उडवणारी पातळ चकती बाजूला ठेवली. गिअर काढताना लोक हातोडा उचलतात, आणि तिथेच माझा संताप होतो. ठोके क्रँकमधून थेट थ्रस्ट बेअरिंगवर जातात. दोन बोटांचा पुलर लावा, हळूहळू ओढा. अर्धचंद्री चावी सांभाळून काढा, ती हटकून तेलाच्या ट्रेमध्ये पडते.

नवा लोखंडी गिअर मिस्त्रींनी गरम तेलात ठेवला. फुगला की तो चावीवर सहज सरकतो. फायबरच्या गिअरला मात्र हा शेक चालत नाही, तो बोल्टने ओढून बसवायचा. दोन्हींवर एकेक ठिपका असतो आणि बसल्यावर ते समोरासमोर यायला हवेत. पण दात तिरके! गिअर आत सरकताना किंचित फिरतो, म्हणून सुरुवातीला ठिपके थोडे हुकवूनच धरावे लागतात. पहिल्यांदा मी ते नेमके समोरासमोर धरले, शेवटी एक दात पुढे गेला. दुसऱ्या खेपेला जमलं. हँडलने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवला आणि ठिपके पुन्हा एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा मिस्त्रींनी पहिल्यांदा चहा मागवला.

एक दात चुकला तरी जीप सुरू होते, हीच फसगत. मग कार्ब्युरेटर ठसकतो, चढावर दम लागतो आणि आपण दोष पेट्रोलला देतो.

अशी जीप तुमच्या दारात असेल आणि फायबरचा गिअर तुटला असेल, तर नवा बसवण्याआधी खालचा ऑइल पॅन जरूर उतरवा. झडलेले दात तिथेच जाऊन पंपाच्या जाळीवर बसलेले असतात.