रानाच्या वेशीवर (भाग 6) : पाहुणा कोणाच्या घरी उतरणार?

साकोलीहून वीस-बावीस किलोमीटरवर पिटेझरी लागतं. नागझिरा अभयारण्याचं भंडारा जिल्ह्याच्या बाजूचं हे प्रवेशद्वार, आणि गाव मुख्यतः गोंड वस्तीचं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ने आणि किरण पुरंदरे यांच्या ‘सखा नागझिरा’ने हे रान मराठी वाचकाच्या ओळखीचं केलं. वेशीवरच्या गावाची ओळख मात्र राहूनच गेली. बहुतेक पर्यटक पहाटे अंधारात गेटवर येतात, जिप्सीत बसतात आणि दुपारी परत महामार्गाला लागतात. मागच्या भागात बफर क्षेत्राचे नियम पाहिले. आज एक प्रश्न घेऊ: हाच पर्यटक गावात मुक्कामाला राहिला, तर तो कोणाच्या घरी उतरेल आणि त्याचा पैसा कुठे जाईल?

‘होमस्टे’ हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पण शेताच्या कडेला चार खोल्या बांधून फलक लावला म्हणजे झाला तो एका माणसाचा धंदा. त्यात गैर काही नाही. गावाचा होमस्टे निराळा असतो. तिथे पाहुणा गावाचा असतो, घर फक्त त्या रात्रीचं ठरतं. घर कोणतं हे पाहुणा ठरवत नाही, घरमालकही नाही. गाव ठरवतं, आणि पाळीपाळीने ठरवतं.

महाराष्ट्रात याचं सर्वांत परिचित उदाहरण अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी. सह्याद्रीच्या कुशीत, कुरकुंडी आणि मुळा या नद्यांच्या मधल्या डोंगरावर वसलेलं महादेव कोळ्यांचं गाव. ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ने आधी इथे पाणलोटाचं काम केलं होतं. पुढे इनिर पिन्हेरो यांच्या ‘ग्रासरूट्स’ने गावाबरोबर पर्यटन उभं केलं. गावकऱ्यांची समिती नेमली, बायकांना आणि तरुणांना स्वयंपाक, स्वच्छता, वाटाड्याचं काम शिकवलं, आणि पाहुणे जेवायला-राहायला घराघरांत वाटून द्यायची पद्धत बसवली. आज तुमचं घर, पुढच्या खेपेला शेजाऱ्याचं. ज्याच्या घरी पाहुण्याला ठेवण्याजोगी खोली नाही, तो रान दाखवायला जातो. ही मांडणी पुढे जव्हारच्या वाळवंडा आणि ठाणे जिल्ह्यातल्या देहेणे या गावांतही गेली.

पुरुषवाडीला सर्वाधिक माणसं येतात ती काजव्यांसाठी, मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंतच्या थोड्या दिवसांत. काजव्याचा नर मादीला बोलवायला लुकलुकतो, त्याला अंधार लागतो. भंडारदऱ्याच्या परिसरात या दिवसांत गाड्यांची इतकी गर्दी होऊ लागली की वनविभागाला निर्बंध घालावे लागले. हेडलाइट आणि बॅटऱ्यांच्या उजेडात काजव्यांचं जोडीदार शोधणंच बिघडतं. जे पाहायला लोक येतात तेच त्यांच्या येण्याने संपू शकतं. किती जणांना येऊ द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे असणं म्हणूनच मला खोल्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक गावानेही पाळीचीच वाट धरली. तिथे हिमबिबट्या मेंढ्या मारायचा आणि लोक त्याच्यावर चिडून होते. 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत घरोघरी, पाळीने पाहुणे ठेवायला सुरुवात झाली, आणि ज्या जनावराने नुकसान केलं त्याच्याच नावावर कमाई होऊ लागली. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. रानडुकराने धान लोळवलं किंवा वाघाने गाय धरली, की नुकसान एका घराचं होतं आणि वाघ पाहिल्याचा आनंद दुसऱ्याच कोणाचा.

आता आपल्याकडे येऊ. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर 2013मध्ये जाहीर झाला. नवेगाव आणि नागझिऱ्याबरोबर भंडाऱ्याजवळचं कोका अभयारण्यही त्यात आलं. गाभा क्षेत्र सुमारे 656 चौरस किलोमीटर. त्याच वर्षी ‘जय’ नावाचा वाघ नागझिऱ्यातून निघून उमरेड-पवनी-करांडल्याला गेला. त्याच्यामागे देशभरातले पर्यटक तिकडे लोटले. 2016मध्ये जय दिसेनासा झाला आणि गर्दी ओसरली. एका वाघावर उभा राहिलेला व्यवसाय असा एका वाघाबरोबर जातो. नागझिऱ्यात वाघांची संख्या वाढावी म्हणून 2023च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून सोडल्या. चांगलंच झालं. पण गावाने आपली चूल त्यांच्या दर्शनाच्या भरवशावर पेटवू नये.

गावाकडे दाखवण्याजोगं स्वतःचं पुष्कळ आहे. मातीच्या भिंतींचं, कवेलूंचं घर, पुढे छपरी, मागे सांदवाडी. जेवणात भात आणि तुरीचं वरण, हिवाळ्यात पोपटाच्या दाण्यांची भाजी, तलावातले मासे आणि सिंगाडे, पावसाच्या सुरुवातीला वारुळाशी उगवणाऱ्या सात्या. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार आणि झाडीपट्टीची नाटकं होतात. हे सारं गावाच्या दिनदर्शिकेप्रमाणे चालतं, तसंच चालू द्यावं. पाहुणे आले म्हणून अंगणात नाचून दाखवायला सांगणं हा पाहुणचाराचा भाग नाही. गावाने तसं आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. ती वर्षाच्या गणिताची आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, बाया पहाट होण्याआधी टोपल्या घेऊन निघतात. मे महिन्यात तेंदूपत्ता: पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. आणि व्याघ्र पर्यटनाचा भरही नेमका उन्हाळ्यातच, कारण पाणवठ्यावर जनावर दिसतं. म्हणजे घरातली बाई पहाटे मोहाखाली असणार, तेव्हाच पाहुण्याला गेटवर जाण्याआधी चहा हवा असणार. दोन्ही कामं तिच्याच अंगावर पडली, तर होमस्टेचं उत्पन्न तिच्या झोपेतून येईल. पाळी लावताना म्हणून नुसती घरं मोजून भागणार नाही. मोहाच्या दिवसांत सकाळचं जेवणखाण बचत गटाच्या सामायिक चुलीवर करणं, तेंदूच्या पंधरवड्यात पाहुण्यांची संख्या निम्मी करणं, असे निर्णय बायांनी बसून घ्यायला हवेत. आणि मुक्कामाचे पैसे तिच्या खात्यात जमा व्हावेत.

पैशाची सोयही आता आहे. 2 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेल्या ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियाना’त देशभरात आदिवासींचे 1000 होमस्टे उभारायचे आहेत. एका गावात पाच ते दहा. दोन नव्या खोल्यांसाठी कुटुंबाला 5 लाखांपर्यंत, आहे ती खोली नीट करायला 3 लाखांपर्यंत, आणि गावाच्या सामायिक गरजांसाठी 5 लाख रुपये. मला यातली शेवटची रक्कम मोलाची वाटते. साठ-सत्तर घरांच्या गावात दहा घरांना खोल्या मिळाल्या, तर उरलेल्या घरांच्या वाट्याला नुसती गाड्यांची धूळ येईल. सामायिक रकमेतून पाणी, शौचालयं, कचऱ्याची व्यवस्था झाली आणि प्रत्येक मुक्कामामागे ठरावीक हिस्सा गावनिधीत गेला, तर खोली नसलेलं घरही या व्यवहारात राहील. दूध, भाजी, मासे गावातूनच घ्यायचे असा ठराव तर पहिल्याच बैठकीत व्हावा.

असा ठराव करायचा कोणी? भंडारा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे गडचिरोलीतल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने मिळणारे अधिकार इथल्या गोंड गावाला नाहीत. वनहक्क कायदा 2006 मात्र इथेही लागू आहे, आणि सामूहिक वनहक्काचा दावा करणारी ग्रामसभा रानाबद्दल बोलण्याच्या हक्काच्या जागेवर उभी असते. जमिनीबाबतही कायद्याचा आधार आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेनुसार परवानगी लागते. तरी रिसॉर्टसाठी भाडेपट्टा किंवा भागीदारीचा कागद पुढे आला, तर तो ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय कोणी सही करू नये.

वाटून घेण्याची सवय या जिल्ह्याला नवी नाही. कोहळ्यांनी खोदलेल्या मालगुजारी तलावांचं पाणी बांध्याबांध्यांत वाटून घेत इथला धान पिकला. ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था तलावातली मासेमारी आजही सामायिक हिशेबाने चालवतात. पाहुण्यांची वाटणी त्याहून अवघड नाही. एक वही लागेल, ती सगळ्यांसमोर उघडी ठेवावी लागेल, आणि पहिल्या वर्षी भांडणं होतील ती बसून मिटवावी लागतील.

जुलै ते सप्टेंबर रानाचं गेट बंद असतं. त्या तीन महिन्यांत गाव रोवणीत बुडालेलं असतं आणि पर्यटक शून्य. मला वाटतं, सुरुवात याच दिवसांत करावी. मोजके चार पाहुणे, वाघाची अपेक्षा नाही, बांधीत उतरून परे रोवायची तयारी असलेले. चुका झाल्या तरी थोडक्यात निभावतील आणि ऑक्टोबरला गेट उघडेपर्यंत वहीचे नियम बसलेले असतील.

पुढच्या आठवड्यात मोहफुलांकडे वळू: त्यांचा भाव कोण ठरवतं, आणि झाडाखाली जाळी बांधली तर पाला जाळण्याची गरज कशी उरत नाही.