वीजतंत्र्यांच्या मुलांस पुस्तके देताना

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. स्मरणिकेत तूर-हरभऱ्याच्या भावांविषयी लिहिणे आम्हांस सोपे. तथापि यंदा पुस्तकांविषयी लिहिण्याचे योजिले आहे, आणि तीही वीजतंत्री होऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या. खटकचिंचोळी, भालकी ह्या भागांत आपले अनेक सभासद मुनीम, हमाल ह्यांच्या मुलांस आय.टी.आय.मध्ये जाताना पुस्तके घेऊन देतात. दान योग्य हाती पडते की नाही, हे आपण कसोशीने पाहतो. पुस्तक कोणते, हे मात्र दुकानदाराच्या भरवशावर सोडतो. पोत्यात बोंब घालून नमुना काढल्यावाचून जो माल घेत नाही, त्याने पुस्तक मात्र वेष्टन पाहून घ्यावे, हे विचित्र नव्हे काय?

ह्या प्रश्नाशी आपला संबंध केवळ दानाचा नाही. गुलबर्ग्याच्या तूर डाळीस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती डाळ विजेच्या मोटारीवर भरडली जाते. तीन फेजांपैकी एक गेली आणि मोटार तशीच चालत राहिली, तर उरलेल्या दोहोंवर भार येऊन गुंडाळी जळते. रिवायंडिंगचा खर्च सोसवतो. ऐन हंगामातले चार दिवस परत मिळत नाहीत. शिकलेला कारागीर मोटारीच्या पट्टीवरील अँपिअर वाचून ओव्हरलोड रिले बसवितो. अर्धवट शिकलेला, मोटार वारंवार बंद पडते म्हणून रिले वर चढवून मोकळा होतो. अर्थिंगची तार तुटली असता तीही तशीच सोडून देणारे आम्ही पाहिले आहेत. त्या लोखंडी एलेव्हेटरला घामेजल्या हाताने टेकून आपलाच हमाल उभा असतो.

आता पुस्तकांकडे वळू. वीजतंत्री हा व्यवसाय दोन वर्षांचा. 2022 साली सुधारलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे 1200 तास आहेत. त्यांपैकी प्रात्यक्षिकास 840 आणि व्यवसाय-सिद्धान्तास अवघे 240. बाजारात मात्र जी पुस्तके सर्वाधिक खपतात, ती प्रश्नोत्तरांची! मुलगा उत्तीर्ण होतो, पण मेगर हाती दिला तर कोणती तार कोठे लावावी, ह्याचा त्यास पत्ता नसतो. तेव्हा प्रात्यक्षिकाचे पुस्तक आधी, सिद्धान्ताचे त्याच्या जोडीस, असा आमचा क्रम आहे. प्रश्नसंचावर पैसा घालूच नये. सरकारच्या ‘भारत स्किल्स’ ह्या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहावयास मिळतात.

चेन्नईत 1986 साली जर्मनीच्या सहकार्याने स्थापन झालेली एक केंद्रीय संस्था आहे. आज तिला ‘निमी’ म्हणतात. तिची पुस्तके अभ्यासक्रमास धरून असतात. कागद, छपाई ह्यांत खाजगी प्रकाशकांची पुस्तके अधिक देखणी दिसतील; पण निमीच्या प्रात्यक्षिक-पुस्तकात काम पायरीपायरीने आकृतीसह दिलेले असते, आणि कारागिरास तेच हवे. कोणी उत्साहाने थेराजांचा इंग्रजी ग्रंथ भेट देतात. तो ग्रंथ थोर खरा, परंतु अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीचा. दहावी झालेल्या मुलास तो देणे म्हणजे त्यास घाबरविणे होय.

जुने पुस्तक स्वस्त मिळते म्हणून घ्यावे का? येथे सावध राहावे. 2013 ते 2018 ह्या काळात हा अभ्यासक्रम सहामाही सत्रांत शिकविला जात असे. त्या वेळचे संच अद्याप जुन्या बाजारात फिरतात. दुसरी खूण अशी: पुस्तकात 1956 च्या वीज नियमांचाच दाखला असेल, तर ते खाली ठेवावे. त्या नियमांची जागा केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा-विनियमांनी घेतली, आणि 2023 साली तेही नव्याने आले. अर्थिंगचे भारतीय मानक 2018 साली व वायरिंगचे 2019 साली सुधारले गेले. तुरीच्या जुन्या मालास कीड लागते ती दिसते तरी. पुस्तकाची दिसत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि आमच्या सीमाभागात तोच अवघड आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळा दोहोंपैकी एक, आणि स्टार्टरवरची अक्षरे इंग्रजी. निमीची पुस्तके मराठीत व कन्नडातही निघाली आहेत. मुलगा ज्या भाषेत दहावी झाला, त्या भाषेतले पुस्तक द्यावे. सभासदाच्या आवडीचे नव्हे. मात्र मराठी पुस्तकात ‘प्रवर्तन’, ‘रोध’ असे शब्द येतात आणि कारखान्यात कोणी ते बोलत नाही. म्हणून समासात प्रचारातला शब्द लिहून घेण्याची सवय मुलास लावावी.

प्रवेश सामान्यतः पावसाळ्यात होतात. सभासदांनी आपापल्याकडील मुलांची संख्या, वर्ष व भाषा आषाढापूर्वी कार्यालयात कळवावी. यादी निदेशकांस एकवार दाखवून मगच मागणी पाठवावी, असे आम्ही कार्यकारी मंडळास सुचविले आहे.