घरी बनवलेल्या स्पोर्ट्स कारचं पासिंग का होत नाही?

जुन्या मारुती 800 चं इंजिन, वेल्डिंग केलेल्या पाइपांची चेसिस आणि वर फायबरची बॉडी. अशा घरगुती स्पोर्ट्स कारचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. खाली कमेंट ठरलेली असते: 'भाऊ, पासिंग होणार का?'

थेट उत्तर द्यायचं तर, नाही. आणि अडचण कारागिरीची नाही. बांद्यापासून मालवणपर्यंत गॅरेजवाले आणि वेल्डर काही कमी नाहीत, फायबरच्या होड्या तर किनाऱ्यावर जागोजागी दिसतात. गाडी अडते ती कागदावर.

नवी गाडी नोंदवायला आरटीओत फॉर्म 20 भरावा लागतो. सोबत विक्रेत्याचा फॉर्म 21 आणि उत्पादक कंपनीचा फॉर्म 22 लागतो. गाडी नियमांप्रमाणे बनवली आहे, असं फॉर्म 22 मध्ये कंपनी लिहून देते. पण त्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम 126 नुसार त्या मॉडेलचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च जड जात नाही. एकच गाडी बनवणाऱ्याने तो करायचा कुठून? ओरोसच्या आरटीओ कार्यालयात गेलात, तरी 'एमएच 07' नंबरसाठी हेच कागद मागणार.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातल्या सामानातून त्यांनी सुमारे 60 हजार रुपयांत छोटी जीप बनवली, तीही दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ शेअर केला. कौतुक केलंच, पण ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, असंही लिहिलं आणि जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. बातमी गोड झाली, पण प्रत्येकाला महिंद्रा कुठून भेटणार?

आता बांद्याच्या शेजारी बघा. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार बनायची. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं. म्हणजे मसाला किट कारचाच! फार खपली नाही, पण मागे कंपनी असल्याने रस्त्यावर आली.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. 1957 साली आलेली 'लोटस सेव्हन' सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळायची. तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मात्र जोडणीच्या सूचना सोबत देता येत नव्हत्या. म्हणून कंपनीने गाडी खोलायची कशी याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या उलट्या वाचल्या, असा किस्सा सांगतात. आज तिथे घरी बांधलेल्या एकट्या गाडीचीही सरकारी तपासणी होते. पास झाली की नंबर मिळतो.

आपल्याकडे अशी सोय असावी, असं मला वाटतं. पण तपासणीच नको, हे म्हणणं धोक्याचं आहे. मुंबई-गोवा महामार्गावर वेल्डिंगचा एक जोड सुटला, तर किंमत समोरून येणारा दुचाकीवाला मोजतो. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे भरपाई मालकाच्या खिशातून. नुसतं विनानोंदणी गाडी चालवताना पकडलं, तरी पहिल्या वेळी 2 ते 5 हजार रुपये दंड, पुन्हा सापडलात तर 10 हजारांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद.

'मग नोंदणी असलेल्या जुन्या गाडीलाच कापून स्पोर्ट्स कार करू' हा जुगाडही चालत नाही. कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मूलभूत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण तेही मान्यताप्राप्त हवं आणि आरसीवर त्याची नोंद हवी.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र एक रस्ता खुला आहे. 'फॉर्म्युला भारत'सारख्या स्पर्धेत कॉलेजचे संघ स्वतः बनवलेली रेसिंग कार उतरवतात. तिथेही ब्रेकची चाचणी पास झाल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत.