आर्द्रता आणि संरचनात्मक आसंजक सांधे

दोन धातुपत्रे केवळ रिव्हेटांनी जोडली, तर भार मोजक्या छिद्रांपाशी एकवटतो; आसंजकाने जोडली, तर तो पुष्कळच मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. या गुणामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून विमानरचनेत आसंजकांचा प्रवेश झाला. १९४१ मध्ये नॉर्मन डी ब्रुइन यांनी सिद्ध केलेले ‘रेडक्स’ हे धातू जोडणारे आसंजक या परंपरेच्या आरंभीचे होय. तथापि कोरड्या प्रयोगशाळेत नव्या सांध्याचे जे बल आढळते, तेच बल दमट हवेत वर्षानुवर्षे टिकेल असे मानण्यास आधार नाही.

येथे दोन संज्ञांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. आसंजकाच्या कणांचे परस्परांतील आकर्षण ते संसंजन. आसंजक व धातुपृष्ठ यांमधील आकर्षण ते आसंजन. कोरडा, सुघटित सांधा तोडला असता भंग बहुधा आसंजकाच्या थरातूनच जातो व दोन्ही पत्र्यांवर आसंजक शिल्लक राहते. दीर्घकाळ ओलाव्यात राहिलेला सांधा मात्र पुष्कळदा पृष्ठसीमेवरच उकलतो आणि एक पत्रा जवळजवळ स्वच्छ दिसतो. भंगाचे हे स्थलांतर आर्द्रतेच्या परिणामाची प्रमुख खूण होय.

आर्द्रतेचा पहिला परिणाम खुद्द आसंजकावर होतो. इपॉक्सी रेझिने वजनाच्या काही टक्के पाणी शोषून घेतात. त्यामुळे ती मृदू होतात, त्यांचे काच-संक्रमण तापमान उतरते आणि फुगण्यामुळे सांध्यात अंतर्गत ताण निर्माण होतो. उष्णतेने पाण्याचे विसरण अधिक वेगाने होते. म्हणून उष्ण व दमट हवामान विशेष घातक ठरते. परंतु सांधा वाळविल्यास ही हानी बऱ्याच अंशी भरून निघते.

दुसरा परिणाम पृष्ठसीमेवरचा असून तो अधिक गंभीर आहे. धातूवरील ऑक्साइडाचा थर ध्रुवीय असल्याने त्याला रेझिनापेक्षा पाण्याचे आकर्षण अधिक असते. ग्लेडहिल व किनलॉक यांनी १९७४ मध्ये इपॉक्सी आणि लोह-ऑक्साइड यांच्या पृष्ठसीमेविषयी केलेल्या गणितानुसार आसंजनाचे कार्य कोरड्या स्थितीत दर चौरस मीटरला २९१ मिलिजूल, तर पाण्याच्या सान्निध्यात उणे २५५ मिलिजूल येते. या ऋण चिन्हाचा अर्थ असा की, केवळ भौतिक आकर्षणावर विसंबलेली ती सीमा पाण्यात आपण होऊन विलग होऊ पाहते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत आणखी एक क्रिया घडते. त्याच्या ऑक्साइडाचे जलयोजन होऊन अधिक आकारमानाचा, पण धातूला नीट न चिकटणारा थर तयार होतो आणि सांधा त्या दुर्बळ थराशी सुटतो.

या हानीचा व्यावहारिक अर्थ २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर प्रत्ययास आला. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या धडाच्या वरच्या भागाचे सुमारे १८ फूट लांबीचे आवरण २४,००० फूट उंचीवर उडून गेले. एक विमानसेविका मृत्युमुखी पडली. १९६९ मध्ये बांधलेल्या या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. त्याच्या आवरणाचे सांधे सामान्य तापमानास घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पट्टीने व रिव्हेटांनी जोडलेले होते. आसंजन सुटले, फटीत ओलावा शिरून गंज चढला आणि आसंजकाने वाहावयाचा भार रिव्हेटांवर आला. त्यांच्या छिद्रांच्या कडांपाशी थकव्याच्या भेगा वाढत जाऊन शेवटी एकमेकींस मिळाल्या. हे सुटलेले सांधे व या भेगा देखभालीच्या व्यवस्थेत वेळीच आढळल्या नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

उपाययोजनेचा भर आसंजकाच्या निवडीपेक्षा पृष्ठसिद्धतेवर अधिक असणे यावरून क्रमप्राप्त ठरते. फॉस्फरिक आम्लातील ॲनोडीकरणाने जलयोजनास विरोध करणारा सच्छिद्र ऑक्साइड मिळतो व त्यात रेझीन खोलवर रुजते. सिलेन संयुगे पृष्ठसीमेवर रासायनिक बंध साधतात. परीक्षणाची पद्धतीही तदनुरूप असावी लागते. पाचरीच्या चाचणीत सांध्याच्या टोकाशी पाचर ठोकून तो ताणाखालीच उष्ण, दमट हवेत ठेवतात आणि भेग किती पुढे सरकते ते मोजतात. कोरड्या कर्तन-चाचणीत समान ठरलेल्या दोन पृष्ठसिद्धता या चाचणीत पुष्कळदा अगदी भिन्न ठरतात. तात्पर्य, सांध्याचे आरंभीचे बल हा त्याच्या टिकाऊपणाचा पुरावा नव्हे; टिकाऊपणाची परीक्षा पाणी, उष्णता व ताण या तिहींच्या एकत्रित सान्निध्यातच झाली पाहिजे.